विश्लेषण : बर्फ हटवणाऱ्या ट्रकचा फाळ आणि मिठाचा हिशेब… अमेरिका-कॅनडात ‘जास्त मीठ म्हणजे जास्त सुरक्षा’ हे समीकरण का बदलते आहे?

ट्रकच्या पुढे बर्फ ढकलणारा फाळ आणि मागे मीठ पसरवणारे यंत्र, या जोडीवर उत्तर अमेरिकेतील हिवाळ्याची वाहतूक चालते. पण रस्त्यावर टाकलेले मीठ नद्या, तलाव आणि पिण्याच्या पाण्यात उतरू लागले आहे. त्यामुळे ट्रकवर कोणता फाळ बसवायचा आणि मीठ किती सोडायचे, हा तांत्रिक वाटणारा प्रश्न आता महापालिका, कंत्राटदार आणि न्यायालयांपर्यंत पोहोचला आहे.

या यंत्रणेचे महत्त्व किती?

अमेरिकेच्या केंद्रीय महामार्ग प्रशासनानुसार, देशातील ७० टक्क्यांहून अधिक रस्ते वर्षाला सरासरी पाच इंचांपेक्षा जास्त बर्फ पडणाऱ्या भागांत आहेत. बर्फाच्छादित किंवा निसरड्या रस्त्यांवरील अपघातांत दरवर्षी १३०० हून अधिक लोकांचा मृत्यू होतो आणि एक लाखाहून अधिक जखमी होतात. बर्फ हटवण्यावर राज्ये आणि स्थानिक संस्था वर्षाला २३० कोटी डॉलरहून अधिक खर्च करतात.

ही यंत्रणा नसली तर काय होते, हे २१ जानेवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये दिसले. तेथील विमानतळावर एका दिवसात सुमारे २० सेंटिमीटर बर्फ पडला आणि जुने विक्रम मोडले. मिनेसोटा किंवा ओंटारिओमध्ये एवढ्या बर्फाने शाळेच्या बसला फार तर उशीर झाला असता. मेक्सिकोच्या आखाताकाठच्या या भागात मात्र इंटरस्टेट १० हा मुख्य महामार्ग बंद करावा लागला. पिढ्यानपिढ्या एवढा बर्फ न पाहिलेल्या प्रदेशाने फाळ लावलेल्या ट्रकांचा ताफा बाळगला नव्हता आणि तो एका रात्रीत उभा करणे शक्यही नव्हते.

मीठ बर्फावर नेमके काय करते?

मीठ बर्फ जाळत नाही, तर पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते. शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठते, तर २३.३ टक्के मीठ असलेले पाणी उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत द्रवरूप राहते. हा प्रयोगशाळेतला आकडा झाला. प्रत्यक्ष रस्त्यावर साधे खाणीतले मीठ उणे ९ अंशांच्या खाली फारसे उपयोगी पडत नाही, कारण वितळण्याची क्रिया फार मंदावते.

तापमान उतरते तशी मिठाची ताकद किती झपाट्याने घटते, हे या क्षेत्रात वापरल्या जाणाऱ्या तक्त्यावरून कळते. उणे १ अंशाला एक किलो मीठ सुमारे ४६ किलो बर्फ वितळवू शकते. उणे ४ अंशांना हे प्रमाण १४ किलोवर येते, उणे ९ अंशांना जेमतेम ६ आणि उणे १२ अंशांना ५ किलोंच्या आसपास. येथे तापमान रस्त्याच्या पृष्ठभागाचे धरायचे असते, हवेचे नव्हे. दुपारी ऊन खाल्लेले डांबर हवेपेक्षा गरम असू शकते, तर खालून वारा लागणारा पूल लवकर थंड होतो. म्हणूनच अनेक ट्रकांवर रस्त्याचे तापमान मोजणारा इन्फ्रारेड सेन्सर असतो.

याचा अर्थ असा, की पंधरा-वीस सेंटिमीटरचा थर मिठाने वितळवणे ही उधळपट्टी आहे. थर फाळाने हटवायचा आणि डांबराला घट्ट चिकटलेल्या पातळ बर्फाची पकड मिठाने सोडवायची, ही या कामाची विभागणी. फाळ फिरवण्याआधी टाकलेले मीठ तर पुढच्याच फेरीत बर्फासकट रस्त्याकडेला जाते.

फाळ किती प्रकारचे असतात?

खासगी कंत्राटदारांच्या पिकअप ट्रकवर प्रामुख्याने दोन प्रकार दिसतात. पहिला सरळ फाळ. तो डावी-उजवीकडे तिरका करता येतो. किंमत कमी, सांधे कमी, दुरुस्ती सोपी. लांब रस्ते आणि घरापुढच्या वाटांसाठी तो पुरेसा असतो. दुसरा ‘व्ही’ फाळ. त्याचे दोन पंख स्वतंत्रपणे हलतात. टोक पुढे काढले, तर साचलेला घट्ट बर्फ फोडता येतो, आणि पंख पुढे वळवले, तर सुपासारखा बर्फ गोळा करून नेता येतो. मॉलच्या किंवा कार्यालयांच्या मोठ्या पार्किंगमध्ये तो वेळ वाचवतो, पण महाग आणि वजनदार असतो.

रुंदी निवडताना तिरकेपणाचा हिशेब विसरला जातो. आठ फुटी फाळ तीस अंशांत वळवला, की प्रत्यक्षात सात फुटांच्या आसपासच पट्टा साफ होतो. हा पट्टा ट्रकच्या चाकांपेक्षा अरुंद ठरला, तर ट्रक स्वतःच बर्फ तुडवत जातो आणि तुडवलेला बर्फ खरवडणे अधिक कठीण असते.

अडथळा आल्यावर फाळ कसा वागतो, हेही पाहावे लागते. काही फाळ मॅनहोलच्या झाकणाला किंवा फुटपाथच्या कडेला धडकताच संपूर्ण पुढे झुकतात, तर काहींची फक्त खालची धार मुडपते. खडीच्या वाटेवर पहिला प्रकार नरम वागतो. दुसऱ्या प्रकारात धार मुडपली तरी पुढे गोळा झालेला बर्फ सांडत नाही. धारेची पट्टीही पोलादी, कार्बाइडची किंवा रबरी निवडता येते. पोलाद चांगले खरवडते. रबरी किंवा पॉलियुरेथेनची पट्टी नाजूक पृष्ठभागाला सांभाळते, पण चिकटलेला बर्फ तितका काढत नाही.

सरकारी ताफ्यांत चित्र वेगळे असते. तिथे दहा चाकी डंपरला पुढे मोठा फाळ आणि बाजूला पंखासारखा दुसरा फाळ लावतात. मिसुरी राज्याच्या वाहतूक विभागात विकसित झालेला ‘टो-प्लाऊ’ ट्रकच्या मागे ओढला जातो आणि तिरका फिरून एकाच फेरीत दुसरी लेनही साफ करतो. न्यू यॉर्क शहरात तर कचरा उचलणाऱ्या गाड्यांनाच हिवाळ्यात फाळ जोडले जातात. तिथे बर्फ हटवणे ही स्वच्छता विभागाचीच जबाबदारी आहे.

ट्रक निवडताना चूक कुठे होते?

वजनात. पिकअपच्या फाळाचे वजन साधारण २०० ते ४०० किलो असते आणि ते पुढच्या आसाच्याही पुढे लटकते. त्यामुळे पुढच्या आसावर फाळाच्या वजनापेक्षा जास्त भार येतो आणि मागची चाके हलकी होतात. म्हणून इंजिन किती शक्तिशाली आहे याआधी पुढच्या आसाची भारक्षमता पाहायची असते. ती दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेली असते. फाळ बनवणाऱ्या कंपन्या कोणत्या ट्रकला कोणता फाळ चालेल आणि मागे किती वजन ठेवावे लागेल, याचे तक्ते देतात.

मिठाचे वजनही फसवे असते. एक घनमीटर मीठ सव्वा टनाच्या आसपास भरते. ‘हाफ टन’ नावाने विकल्या जाणाऱ्या पिकअपची प्रत्यक्ष वहनक्षमता बहुधा पाऊण टनाच्या पुढे-मागे असते आणि त्यात चालक, यंत्र व फाळाचे वजनही मोजायचे असते. काठोकाठ भरलेला हॉपर अशा ट्रकवर बसतो, म्हणून तो चालवण्याजोगा होत नाही. ब्रेक लागायला अंतर वाढते, तेही निसरड्या रस्त्यावर. उलट, मीठ संपत आले की मागचा भार घटतो आणि चाकांची पकड सुटू लागते. त्यामुळे फेरी संपेपर्यंत मागे थोडे वजन राहील, अशी व्यवस्था अनुभवी चालक ठेवतात.

मीठ पसरवणारे यंत्र कसे निवडतात?

छोट्या कामासाठी ट्रकच्या मागच्या फळीवर बसणारे यंत्र पुरते. मोठ्या कामासाठी ट्रकच्या हौद्यात बसणारा ‘व्ही’ आकाराचा हॉपर लागतो. त्याच्या तळाशी साखळीचा पट्टा किंवा मळसूत्री दांडा असतो. तो मीठ मागे ढकलतो आणि फिरती चकती ते रस्त्यावर फेकते. साखळी ओल्या, गोळे झालेल्या मालाला आणि वाळूमिश्रित मिठाला चांगली पेलते. मळसूत्री दांडा कोरड्या, सुट्या मिठाचा प्रवाह अधिक एकसारखा ठेवतो. हॉपर स्टेनलेस स्टीलचा किंवा पॉलिथिलीनचा घेतात, कारण साधे पोलाद मिठापुढे फार काळ टिकत नाही. तरीही रात्रीचे काम संपल्यावर उरलेले मीठ काढणे आणि यंत्र धुणे टळत नाही. हॉपरमध्ये राहिलेले मीठ गोठून दगड होते आणि पुढच्या वादळाच्या ऐन वेळी मोटर जळते.

सगळ्यांत महत्त्वाचा भाग मात्र चालकाच्या हाताशी असतो : नियंत्रक. साध्या नियंत्रकात मिठाचा प्रवाह ठरावीक असतो. ट्रक हळू झाला किंवा सिग्नलला थांबला, तरी मीठ तेवढेच पडत राहते. वेगाशी जोडलेला नियंत्रक ट्रकच्या गतीनुसार प्रवाह कमी-जास्त करतो आणि ट्रक थांबला की बंद होतो. चौकाचौकांत पांढरे ढीग दिसत असतील, तर पहिला संशय साध्या नियंत्रकावर घ्यावा.

‘कॅलिब्रेशन’वर एवढा भर का?

आपले यंत्र प्रत्यक्षात किती मीठ टाकते, हे मोजून पाहणे म्हणजे कॅलिब्रेशन. पद्धत सोपी आहे. चकतीखाली ताडपत्री अंथरायची, झडप एका खुणेवर ठेवून यंत्र एक मिनिट चालवायचे आणि पडलेले मीठ तोलायचे. समजा, ३० किलो पडले. ताशी ३० किलोमीटर वेगाने ट्रक एका मिनिटात अर्धा किलोमीटर जातो, म्हणजे किलोमीटरला ६० किलो मीठ. तोच चालक वर्दळीत ताशी १५ वर आला आणि नियंत्रक साधा असला, तर किलोमीटरला १२० किलो. रस्ता तोच, बर्फ तेवढाच, मीठ दुप्पट. झडपेच्या प्रत्येक खुणेला ही मोजणी करून तक्ता केबिनमध्ये लावायचा असतो. हंगामाच्या सुरुवातीला आणि मिठाचा माल बदलला की ती पुन्हा करायची असते. यंत्र महागडे असले तरी मोजलेले नसेल, तर चालक अंदाजानेच काम करतो.

मिठाआधी मिठवणी कशासाठी?

कोरडे खडे चकतीवरून रस्त्यावर आदळले, की उडून गटारात किंवा गवतात जातात. मिशिगनमधील एका जुन्या आणि आजही आधाराला घेतल्या जाणाऱ्या पाहणीत कोरड्या मिठापैकी सुमारे ३० टक्के वाया गेल्याचे आढळले होते. तेच मीठ आधी ओले केल्यावर हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास आले. म्हणून आता अनेक ट्रकांवर हॉपरच्या कडेला टाक्या असतात आणि मीठ पडतानाच त्यावर मिठवणी फवारली जाते. ओले मीठ रस्त्याला चिकटते आणि लवकर कामाला लागते, कारण मिठाला विरघळायला पाणी लागतेच. ट्रकचा वेग कमी ठेवला, तरीही उडणारे मीठ घटते.

दुसरी पद्धत वादळाआधी काही तास रस्त्यावर २३ टक्क्यांची मिठवणी सोडण्याची. कोरड्या रस्त्यावर दिसणाऱ्या समांतर पांढऱ्या रेघा त्याच्याच. बर्फ डांबराला चिकटण्याआधीच मधे मिठाचा पातळ थर तयार होतो आणि नंतर फाळाने तो सहज निघतो. चिकटलेला बर्फ सोडवण्यापेक्षा यात मीठ बरेच कमी लागते. पण वादळाची सुरुवात पावसाने होणार असेल, तर ही मिठवणी वाहून जाते. म्हणजे यंत्राइतकाच हवामानाचा अंदाज महत्त्वाचा.

टाकलेले मीठ शेवटी जाते कुठे?

अमेरिकेत रस्त्यांसाठी वर्षाला सुमारे दोन कोटी टन मीठ लागते, कॅनडात सुमारे ५० लाख टन. बर्फ वितळल्यावर ते पाण्यासोबत वाहते. त्यातील क्लोराइडचे विघटन होत नाही आणि नेहमीच्या जलशुद्धीकरणात ते निघतही नाही. मिनेसोटाच्या प्रदूषण नियंत्रण संस्थेचा हिशेब असा, की एक चमचा मीठ सुमारे १९ लिटर गोडे पाणी जलचरांसाठी घातक पातळीला नेते. न्यू यॉर्क शहराच्या पाणीपुरवठ्यातील न्यू क्रोटन जलाशयात क्लोराइड तीस वर्षांत तिपटीवर गेले. हाच कल राहिला, तर २१०८ पर्यंत ते पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडेल, असे शहराच्याच अभ्यासात म्हटले आहे.

क्षार वाढलेले पाणी लोखंड आणि शिसेही खाते. मिशिगनमधील फ्लिंट शहराने २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलून फ्लिंट नदी घेतली. त्या पाण्यात क्लोराइड जास्त होते आणि गंज रोखणारी प्रक्रिया केली गेली नाही. नळांतून शिसे येण्यामागे ही जोडी होती. याच पाण्याने सुटे भाग गंजतात म्हणून जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने त्याच वर्षी ते वापरणे थांबवले होते. वाहनांचे नुकसान वेगळेच. रस्त्यावरील क्षारांमुळे गंजणाऱ्या गाड्यांच्या दुरुस्तीवर अमेरिकी चालक वर्षाला सुमारे ३०० कोटी डॉलर खर्च करतात, असा अंदाज ‘एएए’ या वाहनचालक संघटनेने २०१७ मध्ये मांडला होता.

तरीही गरजेपेक्षा जास्त मीठ का पडते?

याचे उत्तर तंत्रात कमी आणि कंत्राटात जास्त आहे. मॉल, दवाखाना किंवा गृहसंकुलाच्या पार्किंगमध्ये कोणी घसरून पडले, तर मालकावर आणि कंत्राटदारावर भरपाईचा दावा होतो. कमी मीठ टाकले म्हणून खटला होऊ शकतो, जास्त टाकले म्हणून सहसा होत नाही. त्यातच अनेक करारांत पैसे टाकलेल्या मिठाच्या वजनावर किंवा फेऱ्यांवर मिळतात. मग हात आखडण्याचे कारण कंत्राटदाराकडे उरत नाही.

न्यू हॅम्पशायरने २०१३ मध्ये यावर तोडगा काढला. राज्याचे प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवणाऱ्या आणि कामाची नोंद ठेवणाऱ्या कंत्राटदाराला बर्फावरून घसरण्याच्या दाव्यांपासून मर्यादित कायदेशीर संरक्षण दिले जाते. ओंटारिओमध्ये २०२१ पासून अशा दुखापतीची लेखी सूचना ६० दिवसांत देणे बंधनकारक आहे. कॅनडाने तर २००१ मधील सरकारी मूल्यांकनातच रस्त्यावरील मीठ पर्यावरणाला हानिकारक ठरवले. त्यानंतर २००४ मध्ये वर्षाला ५०० टनांहून अधिक मीठ वापरणाऱ्या संस्थांसाठी आचारसंहिता आली. तिच्यात बंदी नाही. साठा झाकणे, मोजून टाकणे आणि नोंदी ठेवणे यांवर भर आहे.

मिठाला पर्याय नाही का?

आहेत, पण प्रत्येकाची किंमत आहे. कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड अधिक थंडीत काम करतात, मात्र ते महाग आहेत आणि त्यांतही क्लोराइडच असते. बिटाचा रस मिठवणीत मिसळला तर ती रस्त्याला चांगली चिकटते. विस्कॉन्सिनमध्ये चीज कारखान्यांतून उरलेली मिठवणीही वापरून झाली आहे. पण असा सेंद्रिय माल ओढ्यात गेला, की तिथला प्राणवायू घटतो. वाळू बर्फ वितळवत नाही, फक्त पकड देते, आणि उन्हाळ्यात गटारे तुंबवते. विमानतळांवर क्लोराइडऐवजी ॲसिटेट वापरतात, पण त्या दराने महामार्ग सांभाळणे परवडत नाही. त्यामुळे मीठ पूर्ण बंद करण्यापेक्षा तेवढ्याच सुरक्षेसाठी ते कमी वापरणे, हाच सध्या व्यवहार्य मार्ग मानला जातो.

भारतात ही पद्धत चालेल का?

आपल्याकडे प्रश्न वेगळा आहे. सुमारे साडेअकरा हजार फुटांवरील झोजिला खिंडीत सीमा रस्ते संघटनेला माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीच्या बर्फाच्या भिंती कापाव्या लागतात. हिमस्खलनाचा धोका असतोच. तिथे पिकअपचा फाळ किंवा मिठाचा हॉपर कामाचा नाही. बर्फ कापून दूर फेकणारी स्नो-कटर यंत्रे आणि बुलडोझर लागतात. २०२५ मध्ये ही खिंड अवघ्या ३२ दिवसांच्या बंदनंतर १ एप्रिलला खुली झाली. पूर्वी ती महिनोन् महिने बंद राहत असे. हे काम करणाऱ्या ‘ग्रेफ’ या दलाचे केंद्र पुण्यात दिघी येथे आहे.

तिकडे राहणाऱ्यांनी काय पाहावे?

न्यू जर्सी, शिकागो, टोरंटो परिसरात घर असलेली अनेक मराठी कुटुंबे बर्फ हटवण्याचे कंत्राट गृहसंकुलामार्फत देतात. बैठकीत फक्त दर विचारला जातो. त्याऐवजी चार प्रश्न विचारता येतात. पैसे मिठाच्या वजनावर आहेत की हंगामाच्या ठरावीक रकमेवर? यंत्र या हंगामात कॅलिब्रेट केले आहे का? नियंत्रक ट्रकच्या वेगाशी जोडलेला आहे का? प्रत्येक फेरीची वेळ, रस्त्याचे तापमान आणि टाकलेले मीठ यांची नोंद मिळेल का? शेवटची नोंद अपघाताच्या दाव्यात संकुलाचा आणि कंत्राटदाराचाही बचाव ठरते.

घरापुढच्या वाटेवर आधी फावडे, मग मीठ, हाच क्रम ठेवावा. मिनेसोटातील संस्था कॉफीचा एक मग, म्हणजे सुमारे ३५० मिलिलिटर मीठ, सहा मीटरच्या ड्राइव्ह-वेला पुरेसे मानते. खड्यांमध्ये थोडे अंतर राहील असे ते पसरायचे असते. रस्ता कोरडा झाल्यावर वर दिसणारे मीठ झाडून डब्यात भरले, तर पुढच्या बर्फाला तेच उपयोगी पडते.